प्लास्टरच्या खोलीतले भाऊ

माणसाला चेहऱ्याने न ओळखता गुडघ्याने ओळखणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो जळगावात माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी तिथे एका दैनिकात नोकरीला लागलो आणि दोन खोल्या भाड्याने घेतल्या. सामान उतरवताना शेजारच्या ओट्यावर पन्नाशीचा एक सडपातळ माणूस बसला होता. पांढरा सदरा, पायजमा, आणि नखांच्या कडांना चुन्यासारखे काहीतरी लागलेले. नाव-गाव विचारणे नाही, चहाचे विचारणे नाही. मी ट्रंक घेऊन तिसऱ्या फेरीला निघालो तेव्हा तो म्हणाला, "डाव्या पायावर भार कमी टाकता तुम्ही. कधी मोडला होता?" मी नऊ वर्षांचा असताना चिंचेवरून पडलो होतो. ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नव्हती. मी ट्रंक खाली ठेवली. भाऊंनी मला दिलेला हा पहिला धक्का. पुढे त्यांची मोजदाद मी सोडून दिली.

भाऊ शहरातल्या एका खासगी हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालत. हजेरीपटावर हुद्दा 'मदतनीस', शिक्षण सातवी, अनुभव एकवीस वर्षे. दवाखाना बंद झाला तरी त्यांचे काम थांबत नसे. रविवारी विहारात वंदना संपून लोक उठू लागले की भाऊ डोळे मिटून बसण्याऐवजी उघडे ठेवून बसत. कोण सरळ उठतो, कोण हात टेकून उठतो, कोण आधी एका बाजूला कलतो, याची त्यांच्याकडे नोंद असे. एकदा एका गृहस्थांचा त्यांनी बाहेर चपला घालताना दंड धरला आणि सांगितले की उजव्या गुडघ्यातली गादी झिजली आहे, जिने कमी करा, खाली बसून जेवू नका, आणि मांडीचे स्नायू बळकट होण्याचा व्यायाम करा. गृहस्थ म्हणाले, मला काही त्रास नाही. "होईल," भाऊ शांतपणे म्हणाले. तो झाला, आणि गृहस्थ वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत, जणू गुडघा भाऊंनीच बिघडवला होता.

याहून भयंकर प्रसंग त्यांच्या मुलीला पाहायला धुळ्याहून मंडळी आली तेव्हा घडला. मी शेजारी म्हणून हजर होतो. पोहे आले, मुलगी येऊन बसली, मुलाच्या नोकरीची चौकशी सुरू व्हायची होती. भाऊंचे लक्ष मुलाच्या वडिलांकडे, नानांकडे होते. ते ओट्याच्या तीन पायऱ्या चढून आले तेव्हापासूनच भाऊंचे पोह्यांत मन नव्हते. अखेर त्यांनी बशी खाली ठेवली आणि पाहुण्यांना म्हणाले, "नाना, तुम्ही जरा खाटेवर आडवे व्हा." नाना गोंधळून आडवे झाले. भाऊंनी त्यांचा पाय गुडघ्यात दुमडून आत-बाहेर फिरवून पाहिला. स्वयंपाकघराच्या दारात भाऊंच्या पत्नीने, वहिनींनी, पदर तोंडावर दाबून धरला होता. खुबा आखडत चालला आहे, फोटो काढून घ्या, असे सांगून भाऊंनी पुन्हा पोहे हातात घेतले. मंडळी उत्तर न देता गेली. चार महिन्यांनी नाना एक्स-रेचे पाकीट घेऊन एकटेच आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले की भाऊ, तुमचं बरोबर निघालं. त्याच बैठकीत लग्न ठरले.

प्लास्टरच्या खोलीत मात्र ते वेगळेच असत. त्या काळी तयार पट्ट्या थोड्याच दवाखान्यांत येत. भाऊ जाळीदार पट्टीवर स्वतः पावडर चोळत, गुंडाळी करत, डब्यात भरून ठेवत. गुंडाळी बादलीत बुडवली की बुडबुडे येत. ते थांबेपर्यंत भाऊ कोणाशी बोलत नसत. मग तळहाताने प्लास्टर असे गुळगुळीत करत की कुंभारानेही पाहत राहावे. असोद्याच्या केळीच्या बागेत घसरून पडलेला मजूर असो की भुसावळचा रेल्वेचा साहेब, खेड्यातल्या माणसाशी ते खानदेशीत आणि शहरातल्याशी पुस्तकी मराठीत बोलत, पण सांगत एकच: "प्लास्टर हाड जोडत नाही. ते फक्त धरून ठेवतं. आधी ओढायचं, जागेवर आणायचं, मग धरायचं. आणि तुम्ही हात ढिला सोडायचा. ओढताना झटका दिला की सगळं गेलं."

गावच्या हाडवैद्याकडून बांबूच्या पट्ट्या बांधून कोणी आले तर डॉक्टर रागावत. भाऊ रागावत नसत. ते ती बांधणी हळूच सोडत आणि जाणकाराच्या नजरेने न्याहाळत. एकदा पहूरकडून आलेल्या म्हाताऱ्याला म्हणाले, "गाठ एक नंबर मारली आहे. हाड तेवढं राहून गेलं." प्लास्टर कापायची विजेची करवत सुरू झाली की पेशंट पांढरा पडे. ती नुसती थरथरते, कातडी कापत नाही, हे पटवण्यासाठी भाऊ चालती करवत स्वतःच्या तळहातावर टेकवून दाखवत. एका हवालदाराने ते पाहिले आणि अर्धे कापलेले प्लास्टर घेऊन तो दवाखान्याबाहेर पळाला. मी बातमीसाठी तिथे गेलो होतो. बातमी दिली नाही.

मांडीचे हाड मोडलेल्यांच्या पायाला दोरीने विटा टांगत. एका आईने मुलाचा पाय ओढला जातो म्हणून कळवळून त्या विटांखाली स्टूल सरकवले. दोन दिवस विटा स्टुलावर आरामात बसून होत्या. भाऊंनी स्टूल काढले, तिच्यावर ओरडले नाहीत. तिला खाटेजवळ बसवून अर्धा तास समजावले, आणि विटांकडे लक्ष ठेवायचे काम तिलाच दिले. त्यानंतर तिने नर्सलाही विटांना हात लावू दिला नाही.

ब्याण्णव साली डॉक्टरांनी दवाखाना वाढवायला घेतला. प्लास्टरने भागत नाही तिथे धातूच्या पट्टी-स्क्रूचे ऑपरेशन, खुब्याचे सांधे बदलणे, नवी यंत्रे. या कामांना डिप्लोमावाला माणूस लागणार हे उघड होते. भाऊंनी विचारले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "भाऊ, तुमचा हात चालतोय तोवर ही खोली तुमची." डॉक्टर कौतुकाने बोलले असावेत. भाऊंनी ती अट समजून मनात ठेवली.

त्यानंतर दोन महिन्यांनी, एका दुपारी, ते माझ्या दारात उभे राहिले. वहिनी मुलीच्या बाळंतपणासाठी धुळ्याला गेल्या होत्या. माझी सुट्टी होती, घरात मी एकटाच. असोद्याच्या रस्त्यावर स्कूटरवाल्याने त्यांच्या सायकलला हूल दिली आणि ते तळहातावर पडले. उजव्या मनगटाच्या वर जेवायच्या काट्याच्या पाठीसारखा बाक आला होता. डाव्या हाताने उजवा हात धरून ते दुसऱ्याच कोणाबद्दल बोलावे तसे म्हणाले, "मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. पूर्ण हालचाल यायला तीन महिने."

मी रिक्षा आणायला निघालो. दवाखाना पाच मिनिटांवर होता. भाऊ खुर्चीवर बसले आणि म्हणाले, रिक्षा नको. "तिथं गेलो तर हात मोडलाय हे कळेल, आणि सहा आठवडे खोलीत दुसरा माणूस येईल. दुसरा माणूस आला की मग मी कशाला?" मी एक्स-रेचे बोललो, शीर दाबली जाण्याचे बोललो, हे सगळे त्यांच्याकडूनच ऐकलेले होते. त्यांच्याकडे प्रत्येकाला उत्तर होते. शेवटी त्यांनी मला त्यांच्या घरातला डबा आणायला सांगितले. डब्यात पावडर चोळलेल्या पट्ट्या होत्या.

"तुम्ही ओढा," ते म्हणाले.

मी अपघात पाहिले आहेत, शवागारातून आकडे आणले आहेत. पण जिवंत माणसाचा मोडलेला हात कधी हातात धरला नव्हता. घरच्या घरी हाड ओढून घेऊ नका, असे इतकी वर्षे दुसऱ्यांना सांगितले आणि तेच हा माणूस माझ्याकडून करून घेत होता. त्यांनी पंच्याने स्वतःचा दंड खिडकीच्या गजाला बांधून घेतला. माझ्या एका हातात अंगठा दिला, दुसऱ्यात बोटे. "हळूहळू जोर वाढवायचा, झटका नाही, मी 'आता' म्हणालो की खाली दाबायचं," ते म्हणाले. मी ओढू लागलो. त्यांच्या कपाळावर घाम आला. मग ते माझ्याशी कधी बोलत नसत त्या बोलीत बोलले: "जोरमा वढा, भो. जोरमा." मी डोळे मिटले आणि ओढले. आत काहीतरी सरकले, किंवा मला तसे वाटले. 'आता' मला ऐकू आले नाही. हात माझ्या हातांतून सुटला. मी डोळे उघडले तेव्हा भाऊ म्हणाले, "झालं."

प्लास्टर त्यांनी डाव्या हाताने घातले. मी फक्त बोटे धरून ठेवली. डाव्या तळहाताने ते गुळगुळीतही केले. मग मुलीकडे धुळ्याला जात आहे असा निरोप दवाखान्यात पाठवला आणि दार लावून घरात बसले.

दहाव्या दिवशी वहिनी धुळ्याहून आल्या. त्यांनी हात पाहिला, पिशवी ओट्यावर ठेवली आणि तशाच दवाखान्यात गेल्या. अर्ध्या तासात डॉक्टर स्वतः आले. ते भाऊंना दवाखान्यात घेऊन गेले, मीही सोबत गेलो. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर लावला आणि बराच वेळ पाहिला. "प्लास्टर पहिल्या नंबरचं आहे," ते म्हणाले. "आतलं हाड तसंच वाकडं आहे. कोणी ओढलं?"

"मीच," भाऊ म्हणाले. "खिडकीच्या गजाला हात बांधून."

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मी एक्स-रेकडे पाहत राहिलो.

दुसऱ्या दिवशी भूल देऊन डॉक्टरांनी हाड पुन्हा सोडवले, जागेवर बसवले, दोन तारा घातल्या आणि वरून प्लास्टरही स्वतःच घातले. दहा वर्षांत त्यांनी पट्टीला हात लावला नव्हता. भाऊ शुद्धीवर आले, हाताकडे पाहत राहिले. कडा जाड, मध्ये गाठी, बोटांजवळ खड्डा. त्यांनी वहिनींना विचारले, "हाई कोनी करं?" वहिनी म्हणाल्या, "डॉक्टरसनी." भाऊंनी डोळे मिटले. "त्यासले काई सांगू नको."

ज्याची भीती होती ते घडलेच नाही. सहा आठवडे डॉक्टरांनी त्या खोलीत दुसरा माणूस घेतला नाही. साधी प्लास्टरे ते स्वतः घालत, वाकडीतिकडी. भाऊ परतले तेव्हा खोली त्यांचीच होती. हात मात्र पूर्ण परतला नाही. रोज कोमट पाणी, रबरी चेंडू, कुलपात किल्ली फिरवण्याचा व्यायाम, सगळे त्यांनी नेमाने केले. मनगट अर्धेच वळे आणि शेवटची दोन बोटे तळव्याला टेकत नसत. त्यांच्या प्लास्टरवर आता बोटांचे वळ राहू लागले. सहा महिन्यांनी ते आपणहून डॉक्टरांकडे गेले आणि डिप्लोमावाला माणूस घ्या म्हणाले. त्यानंतर दोन वर्षे ते त्याच खोलीत स्टुलावर बसून येणाऱ्यांशी बोलत, मग मुलीकडे धुळ्याला राहायला गेले.

सत्त्याण्णव साली कामानिमित्त धुळ्याला गेलो तेव्हा त्यांना भेटलो. ओसरीत दोघेच बसलो होतो. पाच वर्षे मनात ठेवलेले मी बोलून टाकले. त्या दिवशी मी पूर्ण जोर लावला नाही, मी घाबरलो, तुमचा हात माझ्यामुळे असा राहिला.

भाऊंनी हात मांडीवर उलटा करून पाहिला. "तुम्ही बरोबर ओढत होता," ते म्हणाले. "मीच हात काढून घेतला. दुखलं. एवढ्या लोकांना सांगितलं, हात ढिला सोडा. मला नाही जमलं."

हे खरे होते, की ते माझी समजूत काढत होते, मला ठरवता आलेले नाही. त्या दुपारी खोलीत आम्ही दोघेच होतो, आणि माझे डोळे मिटलेले होते. काय झाले ते सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि तो माझ्या बाजूने साक्ष देत होता.