पाणबुड्याची जुनी पिशवी

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लेखक नाही. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मीच पहिला. लिहिणं हे काम आमचं आहे असं मला अजून वाटत नाही. त्यात हा विषय असा, की जेवणापूर्वी कुणी वाचू नये. तरी लिहितो, कारण मला जी किळस आली ती खरी होती की कॉलेजनं शिकवलेली, हे मला नीट कळलं नव्हतं. लिहिताना कदाचित कळेल.

कामठीच्या अलीकडे एका तळ्याकाठी आमचं घर आहे. आम्ही शिंगाडे लावतो, मासे धरतो. शिंगाड्याचं रोप हातानं लावत नाहीत. छातीभर पाण्यात उभं राहून पायाच्या अंगठ्यानं ते गाळात दाबतात. माझ्या बाबांचा अंगठा या कामात इतका तयार आहे की गाळात दगड आहे, मूळ आहे की काच, हे ते न वाकता सांगतात. म्हणूनच कुणी बुडालं की पोलीस त्यांना बोलावतात. बाबा कमरेला दोर बांधतात, काका काठावर दोर धरतो, आणि बाबा छाती भरून खाली जातात. तळाशी गेल्यावर हातानं कमी आणि अंगठ्यानं जास्त शोधतात.

पण आता त्यांचा दम पुरत नाही. आधी एका बुडीत जे व्हायचं त्याला आता चार बुड्या लागतात. डावा कान दुखतो. हे ते सांगत नाहीत, पण रात्री ते त्या कुशीवर झोपत नाहीत.

अशात ती पिशवी आली. बाबा नंदनवनला एका घरी मासे पोचवतात. तिथले म्हातारे साहेब पूर्वी समुद्रावरच्या नोकरीत होते. ते वारल्यावर मुलीनं घर रिकामं करायला घेतलं आणि गच्चीवरच्या टाकीखाली ठेवलेली पाणबुड्याच्या सामानाची मोठी काळी पिशवी, सोबतच्या हवेच्या सिलिंडरसकट, बाबांना दिली. वर म्हणाली, तुमच्या कामाची आहे, नाहीतर कबाडीलाच देणार होते. बाबांनी सिलिंडर मांडीवर आणि पिशवी पायाशी घेऊन ती शेअर ऑटोनं घरी आणली. वाटेत शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावला होता, हे त्यांनीच हसत सांगितलं.

अंगणात आम्ही ती उघडली.

आत आधी रबराचा काळा सूट होता. त्याला मुताचा वास येत होता. नुसता कुबट वास नाही, माणसाच्या जुन्या मुताचा. पाणबुडे खाली असताना त्यातच करतात, हे मी नंतर मोबाइलवर वाचलं. त्या दिवशी मला फक्त एवढंच कळलं की मी ज्याच्यात हात घातला तो कुणाचा तरी संडास होता. मास्कच्या पट्ट्यात तीन पांढरे केस अडकले होते. पायातल्या रबरी पंज्यांच्या आत टाचेची वाळलेली कातडी कागदासारखी चिकटली होती. फुगवायचं जॅकेट आईनं उचललं तर आत पाणी हललं. बाबांनी झडप दाबली आणि शेंबडासारखं हिरवं काही तरी आईच्या पायावर पडलं.

"फेका हे," आई म्हणाली. "माह्या अंगणात नको."

"एकदा धुतलं का होते बरोबर," बाबा म्हणाले.

शेवटी श्वासाची नळी निघाली. सिलिंडरची हवा हिच्यातून येते आणि तिच्या टोकाचं रबर दातांत धरायचं असतं. त्या रबरावर दातांच्या खुणा होत्या. एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला कमी. साहेबांचे त्या बाजूचे दात गेले असावेत. आतल्या पडद्यावर काळी बुरशी होती आणि बुरशीत झुरळाच्या अंड्यांची एक तपकिरी डबी. बाबांनी ती काडीनं काढली आणि कोंबडीला टाकली. कोंबडीनंही तिला चोच लावली नाही.

बाबा माझ्याकडे वळले. "तू इंग्रजी वाचते. पाहून सांग, ठेवा लायक आहे का."

मी लगेच नाही म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही, कारण मला स्वतःचीच खात्री नव्हती. बाबा आठ दिवसांचं प्रेत पाण्यातून काढतात, घरी येऊन हात धुतात आणि भाकर खातात. त्यांचा तो सदरा दोरीवर वाळत असतो तेव्हा मी माझा शर्ट तिथून उचलून दुसऱ्या टोकाला टाकतो. त्यांनी हे पाहिलं आहे. मग आता मी याला घाण म्हटलं तर ती वस्तूची घाण, की माझ्या शर्टाची? मला कारण हवं होतं. नुसतं नाक मुरडणं नको होतं.

म्हणून मी सिलिंडर घेऊन जरीपटक्याला गेलो. तिथे आग विझवायची नळकांडी भरून देणारं एक दुकान आहे. दुकानदारानं सिलिंडरच्या गळ्यावरचा तपासणीचा शिक्का पाहिला. मी पहिलीत असतानाचा असावा. त्यानं सिलिंडर हलवून कान लावला. आत पाणी खळखळलं. मग त्यानं तोटी किंचित उघडली. फुस्स करून वारा आला आणि आम्ही दोघंही मागे सरलो. ओल्या लोखंडाचा, नासक्या अंड्यासारखा वास होता.

"इसमें मैं हवा नहीं भरूंगा, भैया," तो म्हणाला. "फटेगा तो मेरी दुकान भी जाएगी और आप भी."

"पण आत हवा आहे ना अजून?"

"है. पर क्या पता कैसी है. आप सूंघ लो, फिर सोच लो."

परतताना बसमध्ये सिलिंडर पायांत धरून बसलो असता मला शाळेतला एक प्रयोग आठवला. ओले खिळे परीक्षानळीत ठेवून ती पाण्यात उलटी उभी करायची. खिळे गंजतात, नळीत पाणी वर चढतं, कारण गंज हवेतला प्राणवायू खाऊन टाकतो. मी पायांतल्या सिलिंडरकडे पाहिलं. आत पाणी होतं, लोखंड होतं, आणि बंद हवा इतकी वर्षं. उरलेल्या हवेत जगायला लागतं ते उरलंच नसेल. माणूस श्वास घेईल, छाती भरेल, त्याला काही कळणार नाही, आणि तळाशी तो झोपी जाईल.

मला घाम आला. आणि खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं. कारण मिळालं होतं.

घरी बाबांना सगळं सांगितलं. खिळ्याचा प्रयोगही सांगितला. काकाही होता.

"म्हणजे लोखंड हवा खाते?" काका म्हणाला. "मंग आपल्या घराच्या टिना काहून नाही खात? आपण तर जिते आहो."

"ती बंद नाही ना, काका."

"हवा हवाच असते," बाबा म्हणाले. "अंदर आहे म्हणते ना तो दुकानवाला? मले जास्त नाही लागत. दहा मिनिटं पुरली तरी चार बुड्या वाचते."

"बाबा, तुम्ही मराल त्यात."

 बाबा शांतपणे म्हणाले, "तुले घाण वाटून राहिली, बेटा. तेच सांग ना. कॉलेजात गेला तवापासून तुले आमच्या सगळ्याचीच घाण वाटते."

मी उठून मागे गेलो. माझ्याकडे बरोबर उत्तर होतं, पण त्यांचंही म्हणणं खोटं नव्हतं. एकाच तोंडानं दोन्ही कसं बोलायचं, ते मला येत नव्हतं.

त्याच वेळी ती नळी कापून टाकायला हवी होती. सुरी घरात होती. मी विचार केला, परवा प्रॅक्टिकल आहे, ते झालं की बाबांना कॉलेजात नेऊ, सरांकडून सांगवू. सरांचं ते ऐकतील. मला वाटलं, घाई केली तर त्यांचा अपमान होईल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर अंगणात करंजीच्या बियांच्या तेलाचा वास. आम्ही डोंग्याला, आमच्या छोट्या होडीला, ते तेल लावतो म्हणजे लाकूड पाणी पीत नाही, आणि शिंगाड्याच्या पाण्यानं खाज सुटू नये म्हणून अंगालाही लावतो. कडूजहर असतं ते. बाबांनी सगळं सामान राखेनं घासून, सात पाण्यांतून काढून वाळवलं होतं आणि आता कापसाच्या बोळ्यानं तेल लावत बसले होते. सूटला, पंज्यांना, मास्कला. नळीच्या तोंडात तर त्यांनी वाटीनं तेल ओतलं होतं आणि ती वरखाली करत होते, आतून बाहेरून सारखं लागावं म्हणून.

"पाण्यात जाणाऱ्या वस्तूले तेल पाजा लागते," ते म्हणाले. "साहेबानं पाजलं नाही, म्हणून असं झालं."

दाबाखालच्या हवेच्या सामानाला तेल लावू नये, ते पेट घेऊ शकतं, असं मी त्याच दुपारी वाचलं होतं. रबराचा तो काळा तुकडा आता तेलानं चमकत होता आणि टोकातून पिवळसर थेंब गळत होता. बुरशी, मूत, कुणाच्या तरी दातांच्या खुणा आणि वर करंजीचं तेल.  मी तोंड फिरवलं आणि बाबांनी ते पाहिलं.

"एकदा चालवून पाहिलं का, बाबा? घरी?"

"हवा काहून वाया घालू?" ते म्हणाले.

प्रॅक्टिकलच्या दिवशी फोन पिशवीत आणि पिशवी प्रयोगशाळेच्या बाहेर. ब्युरेट धुऊन मी द्रावण भरत होतो. बाहेर आलो तर काकाचे अकरा फोन येऊन गेले होते आणि आईचा एक. आई कधी फोन करत नाही. परत लावला तर काकाचा लागेना. आईचा बंद. वर्गातल्या एकाची बाईक मागितली, त्यानं विचारलं काय झालं, मी चावी घेऊन निघालो. गेटपाशी पोचलो तेव्हा काकाचा फोन आला.

"आबे, काहून उचलत नाही? सकाळीच खाणीच्या पाण्यावर बोलावलं पोलिसाईनं. एक जण बुडाला होता."

"बाबा कुठे आहेत, काका?"

"बाहेर आहे. काठावर बसून आहे. ऐकून तर घे. त्यानं ते सारं अंगावर चढवलं, ते रबर तोंडात घेतलं, एक दम ओढला तं ते कडू तेल तोंडात आलं अन् ओकला. तिथंच काठावर. पुन्हा घेतलं, पुन्हा ओकला. पोलीसवाले हसून राहिले होते. मंग त्यानं सारं उतरवून फेकलं अन् नेहमीसारखा दोर बांधून गेला."

"मग?"

"पाचव्या बुडीत सापडला तो माणूस. काढला बाहेर."

"बाबांना फोन द्या."

 मागे कुणी तरी गाडी आणा, गाडी आणा म्हणत होतं.

"देऊन काय करू गा," तो म्हणाला. "डाव्या कानातून रक्त येऊन राहिलं त्याच्या. दवाखान्यात घेऊन चाललो. मी इथं त्याच्या बाजूले बसून तुह्याशी इतक्या मोठ्यानं बोलून राहिलो, तरी तो मले विचारून राहिला, कोणाचा फोन आहे."