सरांचा तडकलेला दात

सरांना जाऊन आज वर्ष झालं.
त्यांचा तो तडकलेला दात शेवटपर्यंत घट्ट होता. शेवटचे चार महिने ते नळीनं जेवत होते.

येरवड्यात सरांचं डेंटल क्लिनिक. वस्तीतले पहिले डॉक्टर तेच. बीडीएस झाल्यावर माझी पहिली नोकरी त्यांच्याकडे.

दाताच्या मुळाला उभा तडा गेला की सर दात काढायचे. विषय संपला.

मी एका वर्कशॉपमध्ये वेगळं शिकून आले. दात अलगद काढायचा, बाहेर तडा सिमेंटनं जोडायचा आणि त्याच जागी परत बसवायचा.

सर म्हणाले, "पेशंटला आशा विकायची असेल, तर वेगळं दुकान टाक."

टाकलं. कोथरूडला.
पाच वर्षं आम्ही बोललो नाही.

मग एका दुपारी सर माझ्या वेटिंग रूममध्ये बसलेले. सोबत काकू. सरांच्या शर्टाची बटणंही आता काकूच लावत होत्या.

नसांचा आजार. हातांपासून सुरू झालेला. इलाज नाही. पुढे गिळणंही जाणार, हे डॉक्टर माणसाला कोण सांगणार?

खालचा एक दात उभा तडकला होता.

"सर, काढूया का? तुम्हाला त्रास कमी होईल."

"काढायचाच असता, तर कोथरूडपर्यंत कशाला आलो असतो? जमेल तितके दिवस भाकरी खायची आहे मला." मग थांबून म्हणाले, "तुझे सगळे टिकले?"

"हो सर."

खोटं. आधीचे दोन फसले होते.

दात बाहेर आला. सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजमध्ये धरून मी तडा साफ केला, भरला.

दात जितका कमी वेळ बाहेर, तितका टिकायची शक्यता जास्त. तोंडात कापूस, तरी सरांनी विचारलं, "टाइम?"
"नऊ मिनिटं, सर."

परत बसवला. शेजारच्या दातांना तारेनं बांधला.

टिकला. तार काढल्यावर काही महिने सरांनी त्या बाजूनं भाकरी खाल्ली. काकू फोन करून सांगायच्या.

सहा महिन्यांनी एक्स-रे काढला. मुळाभोवती हाड भरत होतं. सर कितीतरी वेळ स्क्रीनकडे बघत राहिले.

"मी असे किती काढून फेकले असतील गं?"

तेव्हाच सांगायला हवं होतं, सर, सगळे टिकत नाहीत.

पण मला जिंकायचं होतं.

नंतर सगळं भराभर झालं. आधी बोलणं गेलं, मग गिळणं. नळी आली.

शेवटचं भेटायला गेले तेव्हा काकूंनी दारातच विचारलं, "दात बरा आहे ना गं त्यांचा? मी रोज पुसते."

मी बॅटरी लावून बघितला. "घट्ट आहे, काकू."

मग खुर्ची ओढून सरांजवळ बसले.

"सर, माझे आधीचे दोन फसले होते. तुम्हाला खोटं सांगितलं. तुम्ही काढलेले सगळे काही वाचले नसते."

सरांनी माझ्याकडे बघितलं.
मग डोळे मिटून घेतले.

राग होता की थकवा, कळलं नाही.

तीन दिवसांनी सर गेले.

आज संध्याकाळी त्यांच्या घरी बुद्धवंदना आहे. मी जातेय.

माफ करा, सर.
जय भीम.