पोरगी आहे तेवढीच राहील

मराठवाड्यात दुष्काळ कितीही कडक पडो, आमच्या मेहुण्यांवर नजर गेली की बाहेरगावच्या माणसाचा त्या दुष्काळावरचा विश्वासच उडत असे. बायकोचे हे थोरले बंधू अजिंठ्याकडच्या शेतकरी घरातून संभाजीनगरात आले, वाळूजच्या कामगारांची शिफ्टची बस चालवू लागले आणि त्या बसचा हॉर्न त्यांनी वर्षानुवर्षं हातानं नव्हे, पोटानं वाजवला. वळण घेताना पोट आपोआप हॉर्नवर टेके. उस्मानपुऱ्यातली आमची गल्ली अंथरुणात पडल्या पडल्या हॉर्नच्या लांबीवरून ओळखायची, की काल मेहुण्यांनी मटणाचा नानखलिया हाणलाय. शिंपी त्यांचं माप घ्यायचा तेव्हा टेपचं एक टोक मेहुण्यांच्या हातात देऊन त्याला पूर्ण प्रदक्षिणा घालावी लागायची. "अजून एक फेरी मारा," मेहुणे त्याला म्हणत, "पुण्य लागंल."

या पोटाची त्यांना लाज? नाव काढू नका. "दाजी, हे मला कुणी बक्षीस दिलेलं नाय," असं ते मला पोटावर थाप मारून सांगत. "घासाघासानं कमावलंय." डॉक्टर सांगून थकले, वहिनी रडून थकल्या, पण ताटातली एक भाकरी कमी झाली नाही. असा हा माणूस एका दुपारी, माझ्याच घरात, एका वाक्यावरून बारीक व्हायला निघाला.

माझ्या मुलीच्या लग्नाची बैठक होती. मुलगी थेट मामावर गेलेली. अंगानं भरलेली, आणि हसली की मांडणीवरची भांडी वाजावीत अशी. मुलाला ती मनापासून पसंत होती. सगळं ठरलं, पेढे फिरले, आणि मुलाच्या आत्याबाई कपातला चहा बशीत ओतता ओतता सहज म्हणाल्या, "लग्नापर्यंत जरा बारीक झाली की शालू शोभून दिसेल हो. शिवाय तुमच्यात मामा नवरीला उचलून आणतो ना? मामांचाही विचार करायला हवा!"

सगळे हसले. मुलगीही हसली, पण तिनं हातातला पेढा हळूच बशीत परत ठेवला. मेहुण्यांनी ते बघितलं.

आमच्याकडं नवरीला मामानं हातांवर उचलून बोहल्यापर्यंत आणायची रीत आहे. हल्लीचे मामा नुसता हात धरून आणतात आणि फोटोपुरते वाकतात. मेहुणे उठले. त्यांच्याबरोबर त्यांची खुर्चीही थोडी उठली. ती सोडवून ते म्हणाले, "आत्याबाई, पोरगी आहे तेवढीच राहील. तोळाभर कमी व्हायची नाय. उचलायचं मला हाय ना? मग कमी मी होतो." मग त्यांनी तिचा पेढा उचलून तिच्या तोंडात घातला आणि जन्मात पहिल्यांदाच स्वतःचा पेढा परत केला. पेढ्यांचा ट्रे धरलेल्या माझ्या बायकोला घामच फुटला.

दुसऱ्या दिवशी ते एका चकचकीत जिममध्ये गेले. तिथल्या दंड फुगवलेल्या शिक्षकानं शर्ट काढायला लावला. म्हणे, आधीचा फोटो काढायचाय. मेहुण्यांनी शर्ट काढला, केस विंचरले, गॉगल चढवला आणि वरातीत हसावं तसं हसले.

"काका, हसू नका. जरा उदास दिसा."

"का बरं?"

"नंतरच्या फोटोत हसायचं. फरक दिसला पाहिजे ना! त्यानंच मोटिव्हेशन येतं."

"म्हंजे आजवर मी रडत फिरत होतो व्हय? अरे, या पोटासंगट माझं लगीन झालं, लेकरं झाली, सगळ्या भावकीची बारशी जेवलो. आता जाताना त्याला शिव्या घालून वाटंला लावू?"

आणि मेहुणे ताडताड निघाले. शर्ट घालायचा राहिलाय हे त्यांच्या निम्म्या रस्त्यात लक्षात आलं. तो त्यांनी घातला, पण सावकाश, दुकानदारांना नीट बघू देत.

तिथून ते जुन्या शहरातल्या तालमीत पोचले. तिथल्या म्हाताऱ्या उस्तादांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. त्याला बराच वेळ लागला.

"क्या मियाँ, पतले होनेकू आये?"

"नाय उस्ताद. भाचीला उचलायचंय."

"फिर आओ. पतले होनेकू आते सो लोगां भाग जाते. उठानेकू आते सो टिकते."

उस्तादांनी दंडबैठकांबरोबर ज्वारीचं पोतं उचलायला लावलं. हमालासारखं पाठीवर नाही, लेकरासारखं दोन्ही हातांवर. पोतं निसटायला लागलं, म्हणून वहिनींनी त्याला आपली जुनी लाल साडी घट्ट गुंडाळून दिली. आता ड्यूटीला जाण्याआधी, पहाटेच्या अंधुक उजेडात, गल्लीतून ही वरात निघू लागली. दूधवाल्यानं ती पाहिली आणि दुपारपर्यंत वाळूजला बातमी, की बसवाले मामा रोज एक बाई पळवून नेतात आणि रोज तीच परत आणून सोडतात.

"मामा, कोण वो ती?" बसमध्ये कुणीतरी विचारलं.

"ज्वारी हाय," मेहुणे म्हणाले. कुणाचाही विश्वास बसला नाही.

मेहुण्यांचं वजन उतरू लागलं. नानखलियावाल्यानं एकदा माणूस पाठवला, गिऱ्हाईक हयात आहे का बघायला. वळणावरचा हॉर्न बंद झाला आणि गल्लीतली निम्मी माणसं कामाला उशिरा पोचू लागली. "आता काय छान दिसता हो!" असं कुणी म्हटलं की मेहुणे फणकारत, "आधी बी छानच होतो!"

इकडं मुलीनं गुपचूप जेवण तोडायला सुरुवात केली होती. माझं आणि तिच्या आईचं ती ऐकेना. बायकोनं भावाला फोन केला. मेहुणे संध्याकाळी आले, स्वतः ताट वाढून घेतलं आणि तिच्यापुढं आदळलं.

"काय गं, माझी मेहनत मातीत घालतीस? मी भरल्या पोत्याची सवय केली. तू हलकी झालीस तर भर मंडपात माझा तोल जाईल की!"

मुलगी हसायला लागली, हसता हसता रडली आणि मग पोटभर जेवली. मांडणीवरची भांडी बऱ्याच दिवसांनी वाजली.

लग्नाच्या दिवशी आत्याबाई स्वतः पुढं आल्या. "मामा, हात धरून आणलंत तरी चालेल हो."

"तुम्हाला चालंल," मेहुणे बाह्या सारत म्हणाले. "मला नाय चालत."

पहिल्या रांगेतून उस्ताद ओरडले, "घुटने मोडके, मियाँ!" मेहुणे गुडघ्यांत वाकले आणि शालू, दागिने, मुंडावळ्यांसकट माझी मुलगी वर उचलली गेली. फोटोवाला थांबा थांबा म्हणत होता. मेहुणे कसले थांबतात! वऱ्हाडाच्या मधून मान ताठ ठेवून ते चालत गेले आणि तिला पाटावर असं उतरवलं, की पैंजणही वाजलं नाही. तिनं त्यांच्या कानात काहीतरी विचारलं, तेवढ्यात मंगलाष्टकं सुरू झाली.

संध्याकाळी मुलगी सासरी गेली. आचारी मोठी पातेली घासत होते. मेहुणे माझ्याशेजारी येऊन बसले. त्यांच्यापुढं कुणीतरी जिलेबी आणून ठेवली. तिच्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. दोन्ही हात अजून तसेच, कोपरात वाकलेले.

"पोरीनं इचारलं, मामा, लई जड झाले का. सांगायचं राहूनच गेलं."

"झाली होती का?" मी विचारलं.

त्यांनी रिकाम्या बोहल्याकडं बघितलं.

"बोहलं लई जवळ बांधलं, दाजी, तुम्ही."