उलटं चाललेलं पाणी

बाळांनो, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही मला उड्या मारणारं मांजर दाखवलंत. एकेक चित्र काढून तुम्हीच ते चालवलं होतं. वर विचारलंत, "आजी, तुमच्याकडे होतं का असं काही?" मी "होतं" म्हणाले आणि फोन तुटला. तेव्हापासून ते "होतं" मनात घोळतंय. तुम्हाला मराठी वाचता येतंय तोवर लिहून ठेवते.

कडा गावाच्या बाजूला, साखर कारखान्याच्या वसाहतीत आम्ही राहत होतो. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, तुमचे आजोबा कारखान्यात वायरमन होते. मी सांगतेय त्या वर्षी दुष्काळामुळे ऊसच नव्हता आणि कारखाना बंद होता. चिमणीला धूर नाही, हवेत मळीचा वास नाही. दुपारी इतकं शांत असायचं की लांबच्या वळणावर टँकरने गिअर बदलला तरी ऐकू यायचं. समोरचं कोरडं रान उन्हात पाण्यासारखं हलायचं आणि बघत बसलं की आपणही जरा तरंगतोय असं वाटायचं.

गोदामात बारदानाखाली एक यंत्र पडून होतं. उंच लोखंडी खांब, त्यावर खाली तोंड करून बसवलेला कॅमेरा, खाली टेबल, त्यावर काच. काचेखाली एक चित्र ठेवायचं, एक फोटो घ्यायचा, चित्र बदलायचं. तुमच्या मांजरासारखंच. आधीच्या एका दुष्काळात, विहिरीचं पाणी सहकाराने कसं वाटून घ्यावं हे गावोगाव दाखवायला ते आणलं होतं. वसाहतीच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरचाचांनी त्यासाठी विहीर, बैल, पाट अशी गठ्ठाभर चित्रं काढली. पण यंत्राची मोटर बिघडली, मग पाऊस झाला आणि पाणी कसं वाटावं हे कोणाला शिकायचं राहिलं नाही.

आता चाचा म्हातारे झाले होते. काचबिंदूने एक डोळा गेला होता. दुसऱ्याने नळीतून पाहावं तेवढंच दिसायचं, आणि ती नळीही बारीक होत चालली होती. एके सकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"बाई, माझे बैल एकदा चालताना बघायचेत. डोळा हाय तवर."

आजोबा म्हणाले, "चाचा, मोटर जाम झालीय. बैल बसलेत."

"मग उठवा की. तुमाला तरी कुठं काम हाय?"

गोदामाची किल्ली मागताच मिळाली. आत वंगण वाळून लाखेसारखं झालं होतं, भिंगावर चिपाडाचा भुसा चिकटला होता. आजोबा एकेक चाक रॉकेलने धुवायचे आणि मी पोत्यांच्या थप्पीवर बसून यंत्राची इंग्रजी पुस्तिका मराठीत सांगायचे.

"स्क्रू थोडा सैल करा म्हणतंय."

"इंग्रजाचं थोडं म्हणजे किती?"

"ते नाही लिहिलं."

"मग आपल्या अंदाजानं थोडा."

मोटरचा रबरी पट्टा हातात घेताच तुटला. मी घरी गेले आणि माझ्या शिवणयंत्राचा चामडी पट्टा काढून आणला. आजोबांनी तो कापून, तार घालून जोडला. कळ दाबली. कॅमेरा एकदा "खट्" म्हणाला आणि थांबला. त्याने एवढंच करायचं होतं. दाराबाहेरून चाचा म्हणाले, "अजून एकदा."

फोटोसाठी लावलेल्या दिव्यांचा उजेड त्यांच्या डोळ्याला सोसत नव्हता, म्हणून ते पाठमोरे बाहेरच बसत आणि खट् खट् ऐकत. चित्रांचा गठ्ठा दोन पुठ्ठ्यांत बांधलेला होता. कोपऱ्यातले आकडे उधईने खाल्ले होते. आम्ही तो पुस्तकासारखा उघडला. चित्रं पालथी होती. धूळ बसू नये म्हणून तशी ठेवली असतील असं समजून एकेक सरळ करून काचेखाली ठेवत गेलो. एका चित्रात आणि पुढच्यात केसाएवढा फरक. पाणी हलतंय एवढं कळायचं.

आजोबा रीळ घेऊन पुण्याला निघाले तेव्हा टँकरच्या रांगेतल्या बायकांनी हटकलं.

"भाऊ, कुठं?"

"रीळ धुवायला."

"ऐकलं का गं? हितं प्यायला न्हाई, अन् हे रीळ धुवायलेत."

रीळ धुऊन आलं तेव्हा त्याच बायका बघायला आल्या. भर दुपारी गोदामाच्या खिडक्यांना बारदान लावलं. त्याच्या विणीतून उजेडाचे बारीक ठिपके सगळ्यांच्या अंगावर पडले होते. चाचांना पडदा म्हणून टांगलेल्या चादरीच्या अगदी जवळ बसवलं, त्यांच्या नळीत बैल मावावेत म्हणून. शाळेचा प्रोजेक्टर घरघरायला लागला.

हिरवंगार शेत दिसलं. मग पिकं लहान होत मातीत गेली. पाणी वाफ्यातून पाटात आलं, पाटातून परत विहिरीत गेलं. बैल मागे मागे चालले. शेवटी जमिनीवरून थेंब उठले आणि एकेक करून ढगात जाऊन बसले.

"पाणी वर चाललं बे," मागून कोणीतरी म्हणालं.

"आपल्याच गावचं हाय हे," एक बाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

चाचा आमच्याकडे वळले. मग विचारलं, "गठ्ठा कुन्या बाजूनं उघडला?"

"डावीकडून," मी म्हणाले.

"बाई, मी निजामाच्या वक्ताला उर्दू शाळेत शिकलेला. आमची किताब उजवीकडनं सुरू होते."

आजोबांनी प्रोजेक्टरची उलट फिरवायची कळ दाबली. थेंब खाली आले, बैल पुढे चालले, शेत उगवलं. पण संपताच बायका म्हणाल्या, "पुन्यांदा लावा. पयल्यासारखं, पाणी वर जाणारं."

मी चाचांच्या शेजारी वाकून विचारलं, "दिसले का बैल?"

"डाव्या बैलाचा मागचा पाय लंगडतोय," ते म्हणाले. "काढताना कळलंच न्हाई मला."

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यांचं दिसणं थांबलं. त्यानंतर ते आजोबांना वाटेत भेटले की विचारायचे, "आमचा लंगडा कसा हाय?"

चित्रं उधईने संपवली. यंत्र शाळेच्या मागच्या खोलीत आहे, पट्टा अजून माझ्या शिवणयंत्राचाच आहे आणि कळ दाबली की ते एकदा खट् म्हणतं. रीळ पत्र्याच्या डब्यात, माझ्या कपाटात आहे.