पाणी चांगलं आहे, असं मी सांगितलं होतं

अकोल्याजवळच्या एका कारखान्यात मी जनसंपर्क अधिकारी होतो. पत्रकारांशी माझे संबंध फार चांगले होते, असं लोक आजही म्हणतात. त्यांतल्या एकाबद्दलचं खरं सांगायचं राहून गेलं आहे.

तो जुन्या शहरात राहायचा, स्थानिक दैनिकात होता. पत्रकार परिषदेत चहा घ्यायचा. भेटवस्तूची पिशवी मात्र खुर्चीवर तशीच ठेवून जायचा. आमच्याविरुद्ध काही छापण्याआधी मला फोन करायचा. मी सांगितलेलं तो दुसरीकडे पडताळत नसे आणि बातमीत माझं नाव घालत नसे. इतकी वर्षं तसंच चाललं होतं.

एका उन्हाळ्यात त्याचा फोन आला.

"भाऊ, नाल्याचं पानी तुमच्या कारखान्यानं नासवलं म्हणते गाव. मायी बहीण हाय तिथं. तिची विहीर नाल्याले लागूनच हाय."

"तपासणी झाली ना बाप्पा. पानी चांगलं हाय."

"मंग छापू तसं?"

"छाप ना! मी काय तुले फसवून राहिलो का?"

तपासणी झाली होती हे खरं. पाणी वाईट असल्याचा अहवाल माझ्याच टेबलाच्या खणात होता. वरिष्ठ म्हणाले होते, आठवडाभर थांबा. मी थांबलो.

बातमी त्याच्या नावानं आली. बहिणीनं ती वाचून जनावरांना त्याच विहिरीचं पाणी पाजलं. तिची गाभण म्हैस गेली, पाठोपाठ गोऱ्हा गेला. पुढे अहवाल फुटला तेव्हा गाव म्हणालं, तिच्या भावानं पाकीट घेतलं. बहीणही तेच म्हणाली. संपादकांनी खोदून विचारलं, तरी त्यानं माझं नाव सांगितलं नाही. त्याची बातमीदारी गेली, जाहिराती गोळा करायचं काम आलं.

मी निवृत्तीनंतर अमरावतीत विद्यार्थ्यांना पत्रकारांचा विश्वास कसा मिळवावा, ते शिकवत होतो.

मागच्या महिन्यात त्याच्या घरी गेलो, अहवाल तेव्हा माझ्याच खणात होता हे सांगितलं.

"मले तवाच समजलं होतं, भाऊ."

"मंग बोलला काहून नाही?"

"तुमी बोलसान म्हून वाट पाहून राहिलो होतो."

"चल, बहिणीकडे जाऊ. मी सांगतो तिले."

तो म्हणाला, "ते गेली पोळ्याच्या आधी. बोललीच नाही शेवटपर्यंत."

त्या गावात आता त्याचे भाचे आहेत. त्यांनी हे वाचावं. तुमच्या मामानं कोणाचंही पाकीट घेतलं नव्हतं. खोटं मी बोललो होतो.