कुंदाताई आणि आंबलेली टाकी

कुंदाताई गेल्या त्याच्या आधीच्या आठवड्यात मी त्यांना भेटायला राजारामपुरीत गेले होते. बाई आजारी, पण मला हात धरून आत ओढलं. "अगं, ते जीवाणू एकमेकांना चिकटून राहतात, म्हणजे देणं-घेणं झटकन होतं! कालच वाचलं!" चहा राहिला तो राहिलाच. हवा पोचत नाही तिथले जीव, हे त्यांचं वेड. कॉलेजात तेच शिकवायच्या. मी त्यांची विद्यार्थिनी, पुढे मैत्रीण.

त्यांच्याच नादानं आमच्या नेसरीच्या घरी गोबरगॅस आला. आईला दमा, चुलीपुढं बसली की जीव घाबराघुबरा व्हायचा. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कुरकुरतच खड्डा खणला. शेगडी निळी पेटली आणि आई खुलली. मग गुऱ्हाळ लागलं. रस उकळताना वर येणारी गोड मळी अण्णांनी घमेल्या-घमेल्यानं टाकीत ओतली. गोडानं गॅस वाढेल, हा त्यांचा हिशोब! काही दिवसांत शेगडी विझली, टाकीला आंबूस घाण वास सुटला. "बुजवून टाकतो हे थडगं! चूल काय मेली न्हाय अजून," अण्णा गरजले. मला आईची धाप आधीच ऐकू यायला लागली होती...

मी फोन केला आणि ताई एसटीनं हजर. टाकीचा वास घेतला नि चेहरा असा उजळला, जणू पोरीला चांगलं स्थळ सांगून आलं!

"अण्णा, आत पंगत बसलीय. पहिले शेण खाऊन आम्ल करतात. दुसरे त्या आम्लातून हायड्रोजन काढतात. तिसरे तो गिळून मिथेन करतात, तोच तुमचा गॅस. तिसऱ्यांनी गिळला नाही तर दुसऱ्यांचं काम थांबतं. तुम्ही गोड वाढलंत, पहिले उधळले आणि मागचे बिचारे आम्लात बुडाले!"

"मग आता वो?"

"आता टाकीला उपास. आणि विरजण लावायचं."

विरजण म्हणजे दुसऱ्या गावच्या चालू टाकीतला शेणकाला. हवा लागली की तिसरे मरतात, म्हणून ताईंनी कॅन तोंडोतोंड भरून आणला. एसटीत कंडक्टर नाक दाबून उभा आणि या त्याला मिथेन समजावतायत! मग नुसती वाट बघणं. अण्णा रोज टाकीकडे रागानं बघायचे, पण फावड्याला हात लावला नाही. शेवटी एका सकाळी ताईंनी स्वतः काडी ओढली. "पेटली! पेटली!" साठीची बाई स्वयंपाकघरात टाळ्या पिटत होती. आई पदरानं डोळे पुसत हसत होती. "पेटली की वो म्याडम," अण्णा एवढंच म्हणाले.

ताई गेल्याचं मी घरी फोनवर कळवलं. त्यांना शेवटचं बघून संध्याकाळी नेसरीला पोचले, तर शेगडी थंड. सुतकाच्या घरी पेटवत नाहीत ना, तशी. शेजारच्या काकू पिठलं-भाकरी घेऊन आल्या होत्या. "नात्यातल्या व्हत्या व्हय?" त्यांनी विचारलं.

"व्हय," अण्णा म्हणाले, आणि शेण कालवलेली बादली उचलून टाकीकडे निघाले.

"अण्णा, आज कशाला?"

"आपून ऱ्हाऊ की उपाशी. पर त्यास्नी कसं ठेवायचं? म्याडमची माणसं हायत ती..."