गडग्यांचं गाऱ्हाणं

माझ्या मुलीच्या शर्यतीतले सगळे अडथळे मी एकदा नुसत्या तोंडाने आंबा घाटात अडवून धरले होते.

नीलम स्टीपलचेस पळते. म्हणजे तीन हजार मीटर धावायचं, त्यात अठ्ठावीस वेळा जाड लाकडी अडथळ्यावरून उडी आणि सात वेळा पाण्याचा खड्डा. आमच्या पाली गावच्या भाषेत, गडगे आणि पऱ्या, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंती आणि ओढा! (लहानपणी ती शेजाऱ्यांचे चिऱ्यांचे गडगे ओलांडायची तेव्हा मी तिला बडवायचो. आता हार घालतो.) तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. संध्याकाळी ती मोबाइलवर विक्रमाच्या शर्यती लावायची. पुरुषांचा विक्रम इथिओपियाकडे, बायकांचा केनियाकडे, मला रामरक्षेसारखं पाठ!

रत्नागिरीला निवड चाचणी ठरली. पहिली येणारी थेट उत्तरेकडे डोंगरातल्या शिबिरात जाणार होती, दोन वर्षांसाठी. निघताना ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालून मागणं मागायला गेलो, तर गाऱ्हाणं घालणाऱ्या गुरवाचाच घसा बसलेला. म्हटलं, त्यात काय, मीच घालतो!

"बा देवा म्हाराजा! ही तुझी लेक आज धावायला चाललीय. तिच्या वाटेतले सगळे अडथळे दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गुरव बसक्या आवाजात म्हणाला.

"बाबा, अडथळे दूर?" नीलम कुजबुजली.

"गप! देवापुढे मध्ये बोलू नये."

मैदानावर पोचलो. खड्ड्यात पाणी भरलेलं, बाकी सगळं मैदान मोकळं.

"अडथळे कुठायत?" मी पंचांना विचारलं.

"कोल्हापुराहून टेम्पोत भरलेत. टेम्पो आंबा घाटात बंद पडलाय. पाचपर्यंत आला नाही तर शर्यत रद्द."

नीलम माझ्याकडे वळली. "बाबा! 'सगळे' म्हणालात ना तुम्ही? सगळे?"

देव इतका शब्दाला धरून चालेल असं मला तरी काय ठाऊक! हे गुहागरहून आलेल्या एका स्पर्धक पोरीच्या आईने ऐकलं.

"काय ओ, हे तुमचं काम होय? मग घ्या की गाऱ्हाणं मागे! माझीपण पोर पळायचीय!"

खोटं कशाला बोलू, माझं तोंड उघडेना. शर्यत रद्द झाली तर नीलम घरीच राहील. दोन ताटं, दोन चहा, संध्याकाळी तोच मोबाइल. मला आतून बरंच वाटत होतं. तेवढ्यात ती दिसली. खिळ्यांचे बूट घालून खड्ड्याच्या काठावर एकटीच बसली होती. रडत नव्हती. नाडी सोडायची, परत बांधायची. तिची आई आजारी असताना दवाखान्याच्या बाकावर ती अशीच बसायची.

मग गावाकडे तोंड केलं आणि बोंबललो, "बा देवा म्हाराजा! मूर्ख माणसाचं बोलणं मनावर घेऊ नको! अडथळे परत आण! एकूण एक आण! फक्त ते पार करायचं बळ पोरीला दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं मैदान ओरडलं. शिट्टीवाले पंचसुद्धा!

पावणेपाचला टेम्पो आला. ड्रायव्हर म्हणाला, "मेकॅनिक यायच्या आधीच चालू झाला बघा!" गुहागरच्या बाई माझ्याकडे असं बघायला लागल्या की आता पाया पडतात की काय!

शेवटच्या पाण्यात नीलम कंबरेपर्यंत बुडाली, तरी उठून पहिली आली. आठवड्याने बॅग घेऊन दारात उभी राहिली.

"जाते, बाबा."

"येते म्हण गो."

"येते."

आता चहा एकच कप लागतो. (सवयीने दोन करतो, दोन्ही मीच पितो, मग झोप लागत नाही.) पण देवाला दोष नाही. त्याने माझं पहिलं गाऱ्हाणंही फुकट जाऊ दिलं नाही. पोरीच्या वाटेतला एक मोठा अडथळा त्याने कायमचा बाजूला केला. तो सध्या पालीला पडवीत बसून रविवारच्या फोनची वाट बघतोय!